पहिलं पान गेलेली वही: तीस वर्षांच्या युद्धातल्या एका शिपायाचा शोध

दप्तरदार

बर्लिनच्या स्टाट्सबिब्लिओथेक या ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात सतराव्या शतकातली एक लहानशी वही आहे. तिची सुरुवातीची पानं गेलेली आहेत आणि शेवटचीही. १९८८ साली यान पेटर्स या इतिहासकाराच्या ती हाती लागली. पेटर्स मूळचे खेड्यापाड्यांच्या इतिहासाचे अभ्यासक. वाचायला घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की तीस वर्षांच्या युद्धात (१६१८ ते १६४८) पगारावर लढणाऱ्या एका साध्या शिपायानं इथं आपल्या पंचवीसेक वर्षांची हकिगत लिहून ठेवली आहे.

या युद्धाबद्दल सेनापतींची पत्रं आहेत, दरबारांचे खलिते आहेत, पाद्र्यांनी आणि नगरशेटांनी लिहिलेलं तर ढीगभर आहे. पण खांद्यावर बंदूक टाकून पायी चाललेल्या माणसाच्या हातचं इतकं सलग लिखाण जवळपास नाहीच. म्हणून १९९३ साली पेटर्सनी ही वही छापली तेव्हा अभ्यासकांमध्ये मोठी खळबळ उडाली. अडचण एकच होती. या माणसानं अख्ख्या वहीत स्वतःचं नाव कुठंही लिहिलेलं नाही. लिहिलं असेल तर पहिल्या पानावर, आणि तेच पान नाही.

वही उघडते तेव्हा साल आहे १६२५ आणि तो इटलीत आहे. आधी व्हेनिसच्या चाकरीत, मग पार्माच्या. पैसे संपतात, आल्प्स ओलांडून तो परत येतो आणि १६२७ मध्ये उल्मला पापेनहाइम या सेनापतीच्या पलटणीत नाव नोंदवतो. तिथून पुढे गावं, नद्या, पूल, किती मैल चाललो, कुठं दारू चांगली मिळाली, कुठं भाकरी मिळाली नाही. अभ्यासकांनी हा सगळा प्रवास मोजला तर तो बावीस हजार किलोमीटरच्या वर भरला.

मागडेबुर्गची नोंद इथं सविस्तर देतो, कारण पुढच्या शोधात तिचा संबंध येतो. २० मे १६३१ ला हे शहर पडलं, लुटलं गेलं आणि जळून खाक झालं. सुमारे वीस हजार माणसं मेली. आपला शिपाई हल्ला करणाऱ्या कॅथलिक फौजेत होता. आत शिरताना त्याला दोन गोळ्या लागल्या. एक पोटातून आरपार गेली, दुसरी दोन्ही खांद्यांमधून जाऊन सदऱ्यात अडकली. छावणीतल्या जर्राहानं (शस्त्रवैद्यानं) हात पाठीमागे बांधून जखमेत हत्यार घातलं. अशा अवस्थेत तो तंबूत पडलेला, शेजारी आजारी तान्हं मूल. बायको त्याच्या जखमांना बांधायला कापड आणि अंगाखाली घालायला काहीतरी मऊ मिळावं म्हणून जळत्या शहरात गेली. इतक्यात छावणीत ओरडा झाला, की घरं कोसळतायत, आत गेलेले शिपाई आणि बायका तिथंच गाडले जाणार. तो लिहितो, की आजारी मुलापायी मला माझ्या जखमांपेक्षा बायकोची काळजी जास्त लागली. दीड तासानं ती आली. बरोबर शहरातली एक म्हातारी होती, कुणा खलाशाची बायको, तिनं अंथरूण उचलायला हात लावला होता. बायकोनं द्राक्षाच्या दारूचा मोठा बुधला आणला होता, शिवाय दोन चांदीचे कमरपट्टे आणि कपडे. ते पुढे हाल्बरश्टाटला बारा थालरना (थालर म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं) विकले. संध्याकाळी सोबतचे शिपाई येऊन कुणी एक थालर, कुणी अर्धा असं त्याच्या हातावर ठेवून गेले.

आणि मग एक वाक्य येतं. एवढं सुंदर शहर असं भयंकर जळलं याचं मला मनापासून वाईट वाटलं, कारण ते सुंदर होतं आणि कारण ते माझ्या मायभूमीतलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा.

आता नावाचा शोध. साधा शिपाई कुठल्या दप्तरात सापडणार? पलटणींच्या याद्या फारशा टिकलेल्या नाहीत आणि नाव माहीत नसेल तर याद्यांचा उपयोगही नाही. पण या माणसाला बायको होती, मुलं होती. १६२७ मध्ये त्यानं ट्राउनश्टाइनच्या आना श्टाडलरशी लग्न केलं. तिची चारही मुलं गेली, आणि १६३३ मध्ये म्युनिकच्या इस्पितळात तीही गेली. १६३५ मध्ये फोर्त्सहाइमला आना मारिया बुखलरशी दुसरं लग्न. दोन्ही मिळून दहा मुलं झाली आणि वही संपते तेव्हा त्यातली दोनच जिवंत आहेत. प्रत्येक मुलाच्या मृत्यूनंतर तो एकच ओळ लिहितो, की देव याला आनंदानं पुन्हा उठवो.

पलटण कुठंही असो, मूल झालं की जवळच्या गावात चर्चमध्ये नेऊन बाप्तिस्मा करावा लागे. पाद्री आपल्या वहीत मुलाचं नाव, बापाचं नाव, साक्षीला उभ्या राहिलेल्यांची नावं लिहून ठेवी. म्हणजे शिपायानं स्वतःचं नाव लिहिलं नसलं, तरी त्याच्या मुलांच्या निमित्तानं ते कुणीतरी लिहिलेलं असणार. पेटर्सनी तारखा आणि गावं हातात धरून चर्चच्या जुन्या नोंदवह्या धुंडाळल्या. हेसेनमधलं एंगेलरोड आणि बव्हेरियातलं पापेनहाइम नावाचं गाव, या दोन ठिकाणच्या मुलांच्या नोंदी डायरीशी जुळल्या. बापाच्या जागी नाव होतं पेटर हागेनडोर्फ.

साडेतीनशे वर्षांनी या माणसाला नाव मिळालं ते त्याच्या मुलांमुळे, आणि त्यातली बहुतेक वर्ष-दोन वर्षंही जगली नाहीत. मला या सगळ्या प्रकरणात ही गोष्ट फार जवळची वाटते.

---

रानवारा

वाचनखूण साठवली. फार दिवसांनी असा धागा आला.

दोन शंका. एक, बाप्तिस्म्याच्या तारखा अशा सहज जुळतात का? त्या काळात जर्मनीत दोन पंचांगं चालू होती ना? दुसरी जरा कडू आहे. हा माणूस लूट करणाऱ्यांतला होता. त्याच्या दुःखानं आपण हेलावतो, पण त्यानं ज्यांची घरं फोडली त्यांची वही कुणाकडे आहे?

---

दप्तरदार

रानवारा, दोन्ही शंका अगदी रास्त आहेत.

पंचांगाचं तुम्ही म्हणता तसंच. कॅथलिक मुलखात नवी कालगणना, प्रॉटेस्टंट मुलखात जुनी, आणि सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर. मागडेबुर्ग पडल्याची तारीखही म्हणूनच कुठं २० मे, कुठं १० मे अशी मिळते. कॅथलिक फौजेतल्या शिपायाचं मूल प्रॉटेस्टंट गावात जन्मलं तर पाद्र्याच्या वहीत तारीख दहा दिवस मागची असू शकते. त्यामुळे नुसत्या तारखेवर भिस्त ठेवता येत नाही. गाव, मुलाचं नाव, आईचं नाव, बाप शिपाई असल्याचा उल्लेख हे सगळं एकत्र बसावं लागतं, आणि तेही एकाहून जास्त ठिकाणी.

दुसऱ्या शंकेवर मी काही सारवासारव करणार नाही. १६३४ मध्ये लान्ड्सहुट लुटलं गेलं. तिथं आपल्या वाट्याला काय आलं हे तो एका दमात लिहितो: एक देखणी मुलगी, बारा थालर रोख, कपडे. निघताना तिला परत लान्ड्सहुटला पाठवलं म्हणतो. त्या मुलीचं नाव नाही आणि तिची हकिगत कुठंच नाही. ज्या हातानं त्यानं मेलेल्या लेकरांसाठी प्रार्थना लिहिल्या त्याच हातानं हेही लिहिलं. लेखकाचा शोध घेताना त्याला थोर ठरवायची घाई करू नये एवढं मला कळतं.

शोधाचा पुढचा भाग राहिला होता. नाव मिळालं, पण माणूस कुठला? पहिल्यांदा त्याच्या बोलीवरून ऱ्हाइनच्या बाजूचा असावा असा कयास होता. पण मग मागडेबुर्गला तो मायभूमीतलं शहर का म्हणतो? शिवाय त्याला गिरण्यांचं विलक्षण वेड. कुठल्याही गावात गेला की पाणचक्क्या किती, कागदाची गिरणी आहे का, हे तो आवर्जून लिहितो. तो गिरणीवाल्याच्या घरचा असावा हा तर्क त्यातूनच निघाला. नंतरच्या अभ्यासकांनी म्हणून मागडेबुर्गच्या जवळच्या त्सेर्ब्स्टच्या परिसराकडे मोर्चा वळवला.

मग हान्स मेडिक या इतिहासकारानं ब्रांडेनबुर्गमधल्या ग्योर्त्स्के या गावी त्याचा पत्ता लावला. हे गाव मागडेबुर्गच्या पूर्वेला. युद्ध संपल्यावर पेटर हागेनडोर्फ तिथं स्थायिक झाला, गावचा न्यायाधीश झाला, नगराध्यक्ष झाला आणि १६७९ मध्ये वारला. पंचवीस वर्षं दुसऱ्यांची गावं जाळणाऱ्या फौजेबरोबर फिरलेला माणूस आयुष्याची शेवटची वर्षं गावातली भांडणं मिटवत बसला होता.

---

मेणबत्ती

माहितीपूर्ण धागा. वही संपताना जिवंत असलेल्या दोघांपैकी मुलाचं काय झालं?

---

दप्तरदार

मेल्शर्ट क्रिस्टोफ, १६४३ चा जन्म. युद्धाच्या अखेरीला बापानं त्याला आल्टहाइमच्या शाळामास्तरांकडे शिकायला ठेवलं होतं, पैसे भरून. १६४९ मध्ये मेमिंगेनला पलटण मोडली, शिपायांना थोडा पगार देऊन घरी पाठवलं. युद्ध संपल्यावर हा पोराला आणायला गेला. त्याला इजिप्तातून बाहेर काढून आणलं, असं लिहितो. बायबलमधल्या सुटकेचा संदर्भ आहे. त्यानंतर थोडी पानं आणि वही तुटते.

---

निशिगंधा

धागा आवडला, पण मला एक उलटं उदाहरण मांडायचं आहे. तेही जर्मन, तेही युद्धातलं, तेही बर्लिनचं. मात्र इथं पहिलं पान फाटलेलं नव्हतं. लेखिकेनंच नाव दिलं नव्हतं.

२० एप्रिल १९४५ ते २२ जून १९४५. रशियन फौजा बर्लिनमध्ये शिरल्या ते दिवस. तिशी ओलांडलेली एक बाई तळघरात बसून मिळेल त्या कागदावर रोज लिहिते. उपासमार, तळघरातले शेजारी, पाण्यासाठीच्या रांगा आणि बलात्कार. स्वतःवर झालेलेसुद्धा. पुढे ती एका अधिकाऱ्याचा आसरा घेते, म्हणजे निदान बाकीचे तरी लांब राहतील. हे सगळं ती रडगाणं न करता लिहिते. वाचताना अंगावर काटा येतो तो त्या थंड आवाजामुळे.

कुर्ट मारेक या लेखकाच्या प्रयत्नांनी हे पुस्तक १९५४ मध्ये आधी अमेरिकेत इंग्रजीतून निघालं. (मारेक म्हणजे सेराम या टोपणनावानं पुरातत्त्वावरचं गाजलेलं पुस्तक लिहिणारे.) जर्मन आवृत्ती आली १९५९ मध्ये, तीही जिनिव्हाच्या प्रकाशकाकडून, लेखिकेचं नाव न घालता. जर्मनीत तिच्या वाट्याला काय आलं, तर जर्मन स्त्रियांच्या अब्रूवर शिंतोडे उडवले म्हणून टीका. तिनं ठरवलं, मी जिवंत असेपर्यंत हे पुन्हा छापायचं नाही. पुढे स्त्रियांच्या चळवळीत त्याच्या छायाप्रती हातोहात फिरल्या, पण पुस्तक बाजारात नव्हतं.

२००१ मध्ये ती वारली. २००३ मध्ये हान्स माग्नुस एन्त्सेन्सबर्गर या लेखकानं आपल्या ग्रंथमालेत पुस्तक पुन्हा काढलं आणि ते महिनोन् महिने खपाच्या यादीत राहिलं. तेही निनावीच. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये येन्स बिस्की या पत्रकारानं वर्तमानपत्रात नाव जाहीर केलं: मार्टा हिलर्स, जन्म १९११, क्रेफेल्डची, पत्रकार. लग्न करून स्वित्झर्लंडला गेली आणि पत्रकारिता सोडली. मारेक लेखिकेला ओळखत होते हे पुस्तकातूनच कळत होतं, तेव्हा शोधायचं वर्तुळ आधीच लहान होतं. त्यात पॅरिसमधलं शिक्षण, रशियातला प्रवास, मोडकंतोडकं रशियन, छापखान्याच्या जगातली नोकरी अशा खुणा तिनं स्वतःच सोडल्या होत्या.

माझा प्रश्न सरळ आहे. हागेनडोर्फचं नाव काळानं पुसलं, ते शोधून काढणं म्हणजे त्याचं त्याला परत देणं. हिलर्सनं नाव राखून ठेवलं होतं, ते काढून घेणं म्हणजे काय? जिनं एकदा छापून चटके सोसले, ती गेल्यावर दोन वर्षांत तिचं नाव पेपरात. मला हे पटत नाही.

---

काळा_फळा

निशिगंधाताई, तुमची कळकळ समजते, तरी मी सहमत नाही.

हे पुस्तक कादंबरी म्हणून छापलेलं नव्हतं. घडलेल्या गोष्टींची साक्ष म्हणून ते लोकांपुढे आलं. साक्ष देणारा कोण, तो कुठं उभा होता, हे विचारायचा हक्क वाचकाला असतोच. नाझी काळात मार्टा हिलर्सनं प्रचाराची छोटीमोठी कामं केली होती. पुस्तकातली बाई राजवटीपासून अंतर राखून असल्यासारखी वाटते. हे दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय ते पुस्तक नीट वाचता येणार नाही. बिस्कीचा दुसरा मुद्दा तर त्याहून महत्त्वाचा होता. छापलेल्यापैकी १९४५ चं किती आणि नंतर घातलेलं किती? निनावी मजकुराला हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण तपासायचं कुणाकडून?

---

निशिगंधा

पण तपासलं होतंच की. वाल्टर केम्पोव्स्की या लेखकानं मूळ कागद पाहून २००४ च्या जानेवारीत ते अस्सल असल्याचं सांगितलं. सामान्य माणसांच्या हजारो डायऱ्या जमवलेला माणूस, त्याला यातलं कळत होतं. नाव न छापताही हे करता आलं असतं.

---

दप्तरदार

या वादात मी थोडी भर घालतो, कारण गोष्ट २००४ ला थांबली नाही.

हिलर्सचे कागद पुढे म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेत आले. तिथं युलिया फॉन झाल या संशोधिकेनं मूळ वह्या, टंकलिखित प्रत आणि छापील पुस्तक ओळीनं लावून तपासलं आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. वह्या खऱ्या आहेत, त्या दिवसांतल्याच आहेत. मात्र वह्यांमधल्या नोंदी त्रोटक. टंकलेखन करताना आणि नंतर लेखिकेनं त्या पुष्कळ फुलवल्या, प्रसंग रंगवले, काही विचार मागाहून घातले. म्हणजे पुस्तक बनावट नाही, पण १९४५ ची डायरी जशीच्या तशीही नाही.

हे कळलं ते कागद संस्थेत सुखरूप पोचले म्हणून. तिथवर पोचायला नाव जाहीर होणं कितपत गरजेचं होतं, हा निशिगंधा यांचा प्रश्न उरतोच. माझं मत विचाराल तर कागद अभ्यासकांसाठी उघडे आणि नाव काही वर्षं मिटलेलं, असा रस्ता होता. मृत्यूनंतर दोन वर्षं फार थोडी झाली.

आणि हागेनडोर्फचीही प्रत अशीच आहे. पेटर्सच्या लक्षात आलं, की वहीतलं अक्षर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं आहे. चिखलात, पावसात, पंचवीस वर्षं लिहिलेलं अक्षर असं राहत नाही. त्यानं जवळच्या टिपणांवरून युद्धानंतर चांगल्या कागदावर साफ प्रत केली असणार. मग त्यानंही काय ठेवलं, काय गाळलं? त्याची कच्ची टिपणं नाहीत, त्यामुळे ते कधी कळणार नाही. हिलर्सच्या वह्या राहिल्या आणि शंका घेता आली. शंका घेता येणं ही या लिखाणाची बळकटीच आहे असं मी मानतो.

---

मोडीप्रेमी

किंचित अवांतर, पण आपल्याकडचं उदाहरण आठवलं. वरसईच्या गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापला तो स्वतःचे संस्कार करून. मूळ मोडी हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली. मधली साठ वर्षं मराठी वाचकानं सत्तावनचं बंड भटजींच्या तोंडून ऐकलं ते वैद्यांच्या हातून गेलेलं. तिथं लेखक माहीत होता, तरी ‘मजकूर कुणाचा’ हा प्रश्न सुटलेला नव्हताच. म्हणून काळा_फळा यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की नाव कळलं म्हणजे साक्ष तपासून झाली असं नाही. मूळ कागद हवेत.

चर्चच्या नोंदवह्यांबद्दल वाचताना त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या डोळ्यांपुढे आल्या. कुठल्या गावचं कुटुंब, कोण कोण आलं, कुणाचा मुलगा, सगळं त्यात असतं. अनाम बखरकारांचा शोध घेणाऱ्यांनी या वह्या आणखी उपसायला हव्यात.

---

काळा_फळा

मोडीप्रेमी, मान्य. मूळ कागद आधी, नाव नंतर. पण नाव नकोच, इथवर मी येणार नाही.

---

ढगफूल

मी श्टुटगार्टजवळ राहते. आमच्या शेजारच्या आजींकडे एक जुनी वही आहे, घरातल्या कुणाची तरी, पहिल्या महायुद्धातली. कुणाची हे त्यांनाही ठाऊक नाही. अक्षर त्यांना स्वतःलाच वाचता येत नाही. हा धागा वाचून त्यांना सांगितलं तर त्या हुरळून गेल्या. सुरुवात कुठून करावी?

---

दप्तरदार

वा, ढगफूल! आजींना नमस्कार सांगा.

आधी वही जशी आहे तशी ठेवा. टेप, गोंद, प्लास्टिकचं वेष्टण काही लावू नका. प्रत्येक पानाचा दिवसाच्या उजेडात फोटो काढा, कोरी पानं आणि पुठ्ठ्याची आतली बाजूसुद्धा. दुकानाचा शिक्का, किंमत, पेन्सिलनं लिहिलेली आकडेमोड असं तिथं सापडतं.

अक्षर बहुधा कुरेंट असेल, त्या काळी जर्मन शाळेत शिकवत ते. आजच्या जर्मन माणसाला ते वाचता येत नाही, जसं आपल्याला मोडी येत नाही. ट्रान्सक्रिबुस नावाची संगणकप्रणाली फोटोवरून कच्चं वाचन करून देते, पण गावांच्या आणि माणसांच्या नावांत ती हमखास चुकते, ती डोळ्यांनीच ताडून पाहा.

मग पेटर्सनी केलं तेच. लेखकाचं नाव शोधत बसू नका. जन्म, लग्न, मृत्यू, तारीख आणि गाव एवढ्याच नोंदी वेगळ्या काढा. प्रॉटेस्टंट चर्चच्या नोंदवह्यांसाठी आर्कियोन हे संकेतस्थळ आहे, पैसे भरावे लागतात. कॅथलिक वह्यांपैकी पुष्कळ मात्रिकुला या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. तुमच्याच राज्यात एमेंडिंगेनला जर्मन डायरी संग्रहालय आहे, १९९८ पासून. सामान्य माणसांच्या डायऱ्या, पत्रं ते जपून ठेवतात आणि त्यांचे वाचकगट त्या वाचून काढतात. त्यांना लिहा.

आणि काहीही कुठं टाकण्याआधी आजींच्या घरच्यांची परवानगी घ्या. जर्मनीत लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं हक्क वारसांकडे असतो. पहिल्या महायुद्धातला माणूस १९७० नंतरही जगलेला असू शकतो.

---

निशिगंधा

ढगफूल, आणि आजींना आधी विचारा, नाव सापडलं तर त्यांना ते कळायला हवं आहे का.

---

ढगफूल

विचारलं. त्या म्हणाल्या, हवं आहे, पण वही पूर्ण वाचून झाल्यावर. या शनिवारपासून फोटो काढायला बसतोय. पहिल्या पानांचं वाचन झालं की नवा धागा काढते.